पाठीला पाठ

“आडवी झोपती की. चांगली घोरती,” मी डॉक्टरांना म्हणाले.

माझी धाकटी लेक सुमी शेजारीच स्टुलावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे बघून मान हलवली — हो, झोपते.

साफ खोटं. वर्षभर ती आडवी झाली नव्हती. आडवी झाली की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं तिला. म्हणून रात्री मी अंथरुणात बसायचे, ती माझ्या पाठीला पाठ लावायची आणि तशीच झोपायची. श्वास वर आला, खाली गेला, मध्येच अडला — सगळं माझ्या पाठीला कळायचं. माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि मीच असं बोलले. मालक गेले, पण ते असेपर्यंत त्यांना हे सांगितलं नाही. थोरल्या वंदीलाही नाही.

त्या दिवशी औरंगाबादला डॉक्टरांनी सुमीला नळीत फुंकायला लावलं. हात न टेकता खुर्चीतून उठ म्हणाले — जमलं नाही. व्हरांड्यात चालवलं. मग विचारलं, “काय करता यावं असं वाटतं तुला?”

मला वाटलं, पळायचं म्हणेल. ती म्हणाली, “पालथं पडून पुस्तक वाचावं वाटतंय.”

डॉक्टरांनी मान वर केली. “का? आडवं झालं की दम लागतो?”

तिच्या आधी मी बोलले. त्यांना तिला आडवं करून पुन्हा नळी फुंकायला लावायची होती. मी म्हणाले, पोरगी दमली, आमची भोकरदनची गाडी सुटंल. त्यांनी ऐकलं. आईचं कोण ऐकणार नाही?

का बोलले? आमच्या धावडा गावात मी सुमीला पोलिओ झालाय म्हणून सांगितलं होतं. पोलिओ कुणाच्याही घरात होतो, त्यावरून सोयरीक मोडत नाही. बदनापूरचे पाहुणे वंदीला पसंत करून गेले होते. आणि डॉक्टर म्हणत होते — हा स्नायूंचा आजार आहे, घराण्यातून येतो, बहिणीलाही तपासायला आणा. रात्री श्वास कमी पडत असेल तर मशीन लावावं लागेल. मशीन घरात आलं की पोलिओ कुठं राहिला?

परतताना गाडीत सुमी म्हणाली, “आई, घोरती तर तू. माझी पाठ हादरून राह्यती रातभर.” आणि हसली.

“गप बस. दम लागंल,” मी म्हणाले.

वंदीचं लग्न झालं. मांडवात पाहुण्यांच्या बायका सुमीला विचारायच्या, “पोलिओ व्हय गं बाई?” ती म्हणायची, “हो ना, मावशी.” माझ्याकडे न बघता म्हणायची.

पुढं सकाळी उठली की तिचं डोकं दुखायला लागलं. दिवसा बसल्या बसल्या डोळे मिटायचे. तेव्हा तरी डॉक्टरांकडे जाता आलं असतं — खरं सांगता आलं असतं. पण वंदी सासरी नवी होती. मी गेले नाही.

थंडीत सुमीला खोकला झाला. कफ बाहेर काढायला जोर नव्हता. दुपार होती. मी बाजेवर बसले होते, ती माझ्या पाठीला टेकली होती. एक श्वास वर आला, खाली गेला. पुढचा आलाच नाही. पाठीला कळलं. मी वळले नाही — वळले असते तर ती पडली असती. तशीच बसून राहिले, अंग गार होईपर्यंत.

अजून बाजेवर बसले की पाठ आपोआप ताठ होते. तिचं ओझं यावं म्हणून वाट बघते. हलकं होतं ते, उन्हाळ्यात घामाने चिकटायचं, मी वैतागून “सरक जरा” म्हणायचे. आता सरकायला कुणी नाही.

वंदी धडधाकट आहे. तिला कधी काही झालं नाही, तिच्या लेकरांनाही नाही.

मीही आहे. म्हातारी झाले. आडवी झोपते.