ओव्हाळसाहेबांचं लाखबंद पाकीट

ओव्हाळसाहेब फ्लॅट विकून कायमचे अमेरिकेला निघाले, ही बातमी आमच्या सोसायटीत मीच पसरवली. अगदीच हवेतली नव्हती. धायरीच्या पोस्टात पाकिटावर अमेरिकेचा पत्ता घालताना मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलं होतं. बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना तिकडे नातूही झाला होता. दुसऱ्या दिवशी फलकावर टाइप केलेला कागद लागला: ‘खुलासा. जावक क्रमांक ११४. खाली सही करणार अमेरिकेस जात नसून, त्यांच्या संगणकातील माहितीची प्रत तिकडे जाण्याची शक्यता आहे. अफवा पसरविणाऱ्यांनी जिन्यातील बंद दिव्याकडे लक्ष द्यावे.’

जिन्यातला दिवा म्हणजे मी, पूर्णिमा, सोसायटीची सेक्रेटरी. ही इमारत उभी आहे ते रान आमच्या सासऱ्यांचं. त्यामुळे सेक्रेटरीपद आमच्या घरातून हलत नाही, आणि वरच्या मजल्यावरच्या भीमराव ओव्हाळांना ते बघवत नाही.

हे गृहस्थ सरकारी कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा येताना रेकॉर्ड रूमच घरी घेऊन आले. माझ्याशी बोलायचं म्हणजे पत्र. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या, पत्र. टाकी धुतली, पत्र. नाही धुतली, स्मरणपत्र. आणि दर वेळी दुसरी प्रत पुढे करायची: “पोच द्या.” की मी तारीख घालून सही करायची. दहा वर्षांत त्यांनी मला ‘कशा आहात’ असं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याचीही पोच घेतली असती.

त्यांच्या संगणकात माझ्याविरुद्धच्या तक्रारी असणार, असं मी सगळ्यांना सांगायची. होत्याच. पण त्याखेरीज त्रेचाळीस आवाज होते. नोकरीत असताना दर रविवारी ओव्हाळ टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून गावोगाव हिंडले होते. छप्पन्न साली आणि त्यानंतर ज्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्या म्हाताऱ्या माणसांना त्यांनी बोलतं केलं होतं. त्या दिवशी काय नेसला होतात, घरातले देव कुठे सोडले, गावात परतल्यावर पाटील काय म्हणाला. (आमच्याकडे पाटीलकी नव्हती, हे मी इथे नमूद करते.) पहिली कॅसेट त्यांच्या आईची, सुंदराबाईंची. त्रेचाळिसातली एकेचाळीस माणसं आता नाहीत. कॅसेटींना बुरशी लागली म्हणून सगळं संगणकात उतरवलं, आणि जगात तेवढी एकच प्रत उरली. दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात तो संगणक आतून कटकट वाजायला लागला. बुधवार पेठेतला दुरुस्तीवाला म्हणाला, “काका, डिस्क चाललीय. आज आहे, उद्या नाही.”

त्यांची मुलगी सोनाली कात्रजला असते. ती आली, आणि जिन्यात उभं राहून मी सगळं ऐकलं.

“बाबा, दुसरी डिस्क घ्या आणि कॉपी करून ठेवा.”

“एका खोलीतल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. चोर दोन्ही नेतो.”

“मग एक माझ्याकडे ठेवते.”

“तुझा मुलगा त्यावर सिनेमे भरील.”

“मग ऑनलाइन बॅकअप घ्या. इंटरनेटवरून कंपनीकडे कॉपी राहते. कुठलीही निवडा, दहा मिनिटांचं काम आहे.”

दहा मिनिटांचं काम ओव्हाळांनी दोन महिने केलं. तीन कंपन्यांना अठरा प्रश्नांची प्रश्नावली, रजिस्टर पोस्टाने. अमेरिकेचं पाकीट ते हेच. उत्तर कोण देणार? मग फोन. त्यांचा आवाज असा, की मला कान द्यावाही लागला नाही.

“माझ्याकडून फाइल चुकून पुसली गेली, तर तुमच्याकडे राहील?” त्यांनी पहिल्या कंपनीला विचारलं. तिकडून काहीतरी उत्तर आलं. “तीस दिवस? आणि मग तिकडूनही पुसणार? अहो, मग ती प्रत नव्हे, आरसा आहे. मी मेलो की आरशातलाही मेला. ठेवा फोन.”

दुसऱ्या कंपनीला विचारलं, माझ्या फाइली कोण उघडू शकतं? गरज पडल्यास आमचे अधिकृत कर्मचारी, असं उत्तर मिळालं. “अधिकृत कर्मचारी मी सत्तावीस वर्षं होतो,” ओव्हाळ गरजले, “म्हणूनच नको!”

तिसरी पसंत पडली. तिथे कुलपाचा सांकेतिक शब्द ज्याचा त्याने ठरवायचा. कंपनीलाही फाइल उघडता येत नाही. पण शब्द हरवला तर तुम्हालाही नाही. हे ऐकून त्यांना कोण आनंद! कुणावरच विश्वास ठेवायला नको, असं ठिकाण त्यांना आयुष्यात प्रथमच सापडलं होतं.

त्रेचाळीस आवाज इंटरनेटवरून कंपनीकडे चढायला सव्वा महिना लागला. मधे मी टाकीच्या कामासाठी दुपारभर मेन स्विच पाडला. सूचना लावायची राहून गेली, असं मी म्हणते. ओव्हाळांनी ते मानलं नाही. पाच पत्रं आली. सहाव्या वेळी मात्र ते जाड खाकी पाकीट घेऊन आले. तोंडावर आडवी सही, वर लाखेचा शिक्का.

“सोसायटीच्या दप्तरात ठेवा. आत कुलपाचा शब्द आहे. पोच द्या.”

‘बंद स्थितीत मिळाले’ असं लिहून मी सही केली. नंतर ते उजेडात धरलं, खिडकीच्या काचेवर धरलं. वाफेवर धरायचंही मनात आलं होतं. पण माझी सही त्या माणसाच्या फाइलीत होती.

दिवाळी झाली आणि संगणक बसला. बुधवार पेठेतून परत आला तो नव्या डिस्कसकट, पण हात हलवत. ओव्हाळांची स्वतःची प्रत कुठे होती? त्याच संगणकात, टाइप करून. सत्तावीस वर्षं रेकॉर्ड सांभाळणाऱ्याने कपाटाची किल्ली कपाटातच ठेवली, आणि सव्वीस अक्षरांतली आठवली सात! हे मी महिनाभर पुरवून पुरवून सांगितलं असतं. पण ते दारात उभे होते, हातात पोच.

“पाकीट.”

दिवाळीच्या आवराआवरीत सोसायटीचे जुने कागद मी रद्दीत घातले होते. मी कपाट उपसलं, माळा उपसला. ओव्हाळ उंबऱ्यावरून हलले नाहीत. “पावणेचार,” ते म्हणाले, “वेळ लिहून ठेवतो.”

तेवढ्यात माझ्या सासूबाई, सरुबाई, आतून म्हणाल्या, “लाखंचा कागद रद्दीत घालत्यात व्हय? म्या काढून ठिवलाय. ट्रंकंत, सातबाऱ्यासंगं.”

शिक्का दिसला म्हणजे जमिनीचाच कागद, असा त्यांचा हिशेब. मी ट्रंकेकडे धावले तर त्या झाकणावर बसल्या.

“न्हाय द्यायची. त्यो कचेरीवाला हाय. कागद गेला की रान गेलं.”

“तुमच्या रानावर मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, आजी,” ओव्हाळ म्हणाले. “ते केव्हाच गेलं.”

“बघितलंस? ह्यो असा बोलतोय!”

ओव्हाळांनी पोच त्यांच्या नाकासमोर धरली. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी बोट ठेवून मला विचारलं, “ही तुजी सही हाय?”

“माझीच.”

“मग उठाया पायजे,” म्हणून त्या उठल्या.

पहिली फाइल उतरायला दुसऱ्या दिवशी दुपार गेली. बोलावलं नसताना मी वर जाऊन बसले. आधी खरखर, मग त्यांच्या आईचा म्हातारा आवाज: “भीमा, त्यो लाल दिवा कशापायी लागलाय? जळंल ना रं.” ओव्हाळांनी तेवढंच तीनदा लावलं. चहा विचारला नाही.

मला राहवेना. म्हटलं, “ओव्हाळसाहेब, पोटची पोर कात्रजला. सगळ्या सोसायटीत तुमचं वैर माझ्याशी. मग पाकीट माझ्याकडे का ठेवलंत?”

त्यांनी मान न वळवता उत्तर दिलं: “मुलीवर विश्वास आहे, तिच्याकडे पोच कशी मागणार? तुमच्यावर काडीचा नाही, म्हणून सही घेता आली.”