एकाच सीडीत रोवण्याची गाणी आणि फोटो

मंडळी, "सीडी आता कोण वापरते, बाई?" म्हणून हसणाऱ्या दुकानदाराला आज कुरखेड्याला बहिणीकडे न्यायला हवं होतं!

माझ्या थोरल्या बहिणीला दिसत नाही, आणि आपला आवाजही गेला असं तिला वाटतं. यंदा बांधावर बसून तिनेच म्हटलेली रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, गाणी तिला जुन्या प्लेअरवर ऐकायची होती. तिच्या सुनेला त्याच रोवण्याचे फोटो कॉम्प्युटरवर हवे होते. मी दोन्ही एकाच सीडीत भरलं, पण फोटो आधी टाकले. प्लेअर फोटोंनाच गाणी समजून नुसता खरखरला.

"काय वो, तुहे फोटो गाऊन राह्यले काय?" बहीण म्हणाली.

तिथेच लॅपटॉपवर दुसरी सीडी केली. आधी गाणी, मग फोटो. आवाज खणखणीत!

"गेला कुठी? इथीच तं हाये माहा आवाज!"

चालू सीडी प्लेअर भंगारात कशाला देता हो?