मोटारीच्या दारातल्या बांगड्या

माझं शुद्धलेखन चुकीचं आहे आणि अक्षर तर कोंबडीने पाय ओढल्यासारखं. त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढे हातात सुई आली ती राहिलीच, पेन काही आलं नाही. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण उद्या कोणाच्या हाती लागलं तर त्याने अक्षराला हसू नये, एवढंच.

आमच्याकडे एक मोटार होती. आता सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. परदेशी, लांबलचक, पांढरी, पुढे चांदीसारखी जाळी. जळगावात आम्ही दोन खोल्यांत राहत होतो आणि मोटार आमच्या दोन्ही खोल्यांपेक्षा लांब होती. ती गल्लीत उभी राहिली की शेजारणींना पाण्याच्या घागरी घेऊन आडवं चालावं लागे.

हे एका डाळमिलच्या मालकाचे ड्रायव्हर होते. मालकाने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी यांनी विकत घेतली. लग्नसराईत नवरदेवाला भाड्याने द्यायची, असा विचार. त्यासाठी पैसे माझ्या भावाकडून आणले. भाऊ भडगावला पिठाची गिरणी चालवायचा. तो म्हणाला, "सवडीने द्या." हे म्हणाले, "एका हंगामात फेडतो."

गाडी घेऊन आम्ही पहिल्यांदा भडगावला गेलो. ती अगदी गिरणीच्या दारात बंद पडली आणि काही केल्या सुरू होईना. गल्लीतल्या लोकांनी ढकलत स्टँडपर्यंत नेली. वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली, "आमच्या गिरणीच्या पैशाने नणंदबाई मोटारीत बसल्या खऱ्या, पण मोटारीला काही ओझं सोसेना."

सगळे हसले. मीही थोडी हसले. हे हसले नाहीत. गाडी कशीबशी सुरू होऊन गिरणा नदी ओलांडल्यावर म्हणाले, "पैसा पुरा फिटल्याशिवाय त्या उंबऱ्यात आपण दोघंही पाय ठेवायचा नाही."

दोघंही म्हणाले. मला विचारलं नव्हतं.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. दिवाळीला नाही गेलं तरी चालतं, आखाजी चुकवत नाहीत. निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, सांजोऱ्या आणि आमरस खातात, आणि सासरच्या नावाने जे बोलायचं ते झोक्यावर बसून बोलून घेतात. त्या वर्षी भाऊ मला न्यायला आला. यांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाले, "आखाजीला गाडीचं बुकिंग आहे, हिला येता यायचं नाही." बुकिंग खरं होतं. आखाजीला मुहूर्त बघावा लागत नाही, त्या दिवशी लग्नांची रांग लागते. लेकींनी माहेरी जायचा दिवस आणि मोटारीचा कमाईचा दिवस एकच निघाला. भाऊ चहा पिऊन गेला. गल्लीच्या तोंडाशी त्याला मोटारीला वळसा घालून जावं लागलं.

तेव्हा मी ठरवलं, मोटार चालली पाहिजे. ती चालली तर पैसे फिटतील, पैसे फिटले तर मी झोक्यावर बसेन.

पण मोटारीच्या खोड्या फार. तिचे भाग मुंबईतसुद्धा मिळत नसत, आणि मिळाले तर आमच्या ऐपतीचे नसत. मेकॅनिक बॉनेट उघडायचा, आत बघायचा, बंद करायचा आणि म्हणायचा, "भाऊ, हिला म्युझियमला द्या." मग घरातलंच काहीतरी शोधावं लागे.

आतून छताचं कापड सुटून लोंबत होतं. नवरदेवाच्या फेट्याचा तुरा त्यात अडकायचा. मी गादीवाल्याची वाकडी सुई आणली, कापडाला चुण्या घातल्या आणि जागोजागी त्याच रंगाची बटणं लावून ते वर टाचलं. लोक म्हणत, काय विलायती नक्षी आहे. खिडकीची काच आपोआप खाली पडायची, तिला तुटक्या रबरी चपलेचा तुकडा पाचर म्हणून ठोकला. दारांतून धूळ यायची, तिथे सायकलची जुनी ट्यूब कापून चिकटवली. पेट्रोलची टाकी पाझरायची, तर कपड्याचा साबण घासून भोक बुजवायचं. दर खेपेला घासावा लागे, पण बुजायचं.

रेडिएटर गळायला लागला तेव्हा यांना कोणीतरी सांगितलं की हळद टाकली की गळती थांबते. मी मूठभर टाकली. गळती थांबली. पण एका वरातीत झाकण उडालं आणि पिवळं पाणी पुढच्या वऱ्हाड्यांच्या धोतरांवर गेलं. एक म्हातारा म्हणाला, "नवरदेवाची हळद उरेल व्हती वाटतं." ती वरात त्या वाक्यावर तरून गेली, नाहीतर भाडं गेलं असतं.

उन्हाळ्यात इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा पंप तापला की गाडी थांबायची. त्याच्यावर ओलं फडकं टाकून पाणी ओतत राहायचं, मग चालायची. मे महिन्यात जळगावहून धुळ्याला जायचं तर पारोळ्यापर्यंतच दोन-तीनदा ओतावं लागे. हे चालवणार, मग ओतणार कोण? माणूस ठेवला तर त्याला पैसे द्यावे लागतील. म्हणून मी पुढच्या सीटवर पायांशी पाण्याची कळशी घेऊन बसायला लागले.

अशी मी किती लग्नांना गेले. जेवायला उतरायची मला लाज वाटे. ओळखीचं कोणी नाही, साडीला ग्रीसचे डाग. मी गाडीतच बसायची. ऊन पत्र्यावर, वाजंत्री बाहेर, आणि काच चपलेच्या तुकड्याने बंद. कोणी ताट आणून दिलं तर खायची, नाही आणलं तर घरी येऊन. परक्या पोरींच्या पाठवणीचं रडणं ऐकून मला माझी पाठवणी आठवायची नाही, वहिनीचं हसणं आठवायचं.

सगळ्यांत वाईट मागची दारं. एक दार चालता चालता उघडायचं, ते तारेने आतून कायमचं बांधलं होतं. दुसरं आतून उघडायचंच नाही, आणि पुढे बाहेरूनही उघडेना. त्याच्या आतली एक पट्टी तुटली होती. यांचा हात आत जाईना. माझा हात बारीक. बांगड्या काढ, हे म्हणाले. मी म्हटलं, मोकळा हात करणार नाही. रुमालाने वर बांधल्या आणि हात घातला. दाराच्या पोटात पत्रा धारेचा असतो हे तेव्हा कळलं. मनगट कापलं, दोन बांगड्या फुटून आत पडल्या. पण पट्टी सापडली. तिला मी एक नाडी बांधली आणि नाडीचं टोक हात टेकायच्या जागेखालून बाहेर काढलं. ओढलं की दार उघडायचं. नाडी माझ्या परकराची होती. नवरदेव ती ओढून उतरायचे आणि मी पुढे मान खाली घालून बसायची.

तेव्हापासून दार लावलं की आत बांगड्या वाजायच्या.

हंगाम आले, गेले. भाड्याचा पैसा यायचा आणि टायरमध्ये, पेट्रोलमध्ये, बॅटरीत जायचा. भावाकडे थोडा गेला, मोठा भाग राहिला. मी जितकं शिवत होते तितकी ती जास्त फाटत होती. दर आखाजीच्या तोंडावर भाऊ यायचा, चहा प्यायचा, जायचा. पुढे पुढे तो मला न्यायचं न विचारताच बसायचा, आणि सांजोऱ्यांचा डबा ठेवून उठायचा.

असंच एका आखाजीला आम्ही धुळ्याच्या लग्नातून नवरीला घेऊन नरडाण्याला निघालो. मागे नवरा-नवरी, पुढे हे आणि मी. सोनगीरच्या अलीकडे मी एकदा पाणी ओतलं. सासरच्या दारात पोचलो तर बायका भाकरतुकडा ओवाळायला उभ्या, समोर निंबाला झोका, झोक्यावर माहेरी आलेल्या लेकी. नवरदेवाने नाडी ओढली. ती तुटून त्याच्या हातात आली.

त्याने ओढून बघितलं, ढकलून बघितलं. मग शेवटी पुढच्या सीटवरून उडी मारून बाहेर गेला. झोक्यावरच्या पोरी खिदळल्या. नवरीला काही तसं करता येईना. शालू, मुंडावळ्या, आणि समोर सासू. काच चपलेने ठोकलेली, तीही त्या दिवशी खाली येईना.

ज्याने या दारातही मांडव घातला होता तो धुळ्याचा मांडववाला तिथेच उभा होता, जाडजूड माणूस. तो काचेवर टकटक करून म्हणाला, "ड्रायव्हर भाऊ, हाई गाडी शे का तिजोरी? नवरीबी आत, दागिनाबी आत."

हे मला म्हणाले, "तू मागे जा."

मी सीटवरून मागे गेले. सगळं गाव काचेला डोळे लावून. मी दाराचं कव्हर काढायला लागले. एकेक खिळा पायाशी ठेवत होते. घाम डोळ्यांत जात होता. नवरी रडून रडून थकली होती, माझे हात बघत होती.

हळूच म्हणाली, "अक्का, आज आखाजी शे. तुम्ही माहेर नही गयात?"

"नाही."

"माय-बाप नहीत?"

"भाऊ आहे."

"मंग?"

मी पुढचा खिळा काढला. मी म्हटलं, "ही मोटार आहे ना."

तिने मोटारीच्या छताकडे बघितलं, माझ्या बटणांकडे. मग म्हणाली, "मंग आपुन दोन्ही कोंडायेल शेतस."

ती नवी होती, तिला कोंडल्यासारखं वाटणारच. पण मला ते वाक्य लागलं. मला इतकी वर्षं वाटत होतं की मोटार मला माहेरी नेणार आहे. मी दाराच्या पोटात हात घातला. बोटांना आधी माझ्याच बांगड्यांचे तुकडे लागले, मग पट्टी. ओढली. दार उघडलं. बायकांनी भाकरतुकडा ओवाळला आणि नवरी मागे वळून न बघता गेली.

मी तुटकी नाडी मुठीत लपवून गाडीजवळ उभी राहिले. मांडववाला गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"भाऊ, हाई गाडी माले दी टाका," तो यांना म्हणाला. "चालो का नही चालो. मांडवना मोऱ्हे नुसती उभी राहिनी तरी माना धंदा व्हई जाई."

"विकायची नाही," हे म्हणाले. "आणि घेऊन करणार काय? हिच्या हाताशिवाय ती चालत नाही."

मांडववाला माझ्याकडे वळला. "अक्का, तुम्ही काय म्हणतस?"

परक्या पुरुषाने मला कधी काही विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तर मी बोलले नसते. मी जमिनीकडे बघितलं. निंबावर झोका कुरकुरत होता.

"द्या," मी म्हटलं.

"काय?" हे म्हणाले.

"देऊन टाका. त्यांच्या ड्रायव्हरला सगळं मी शिकवते."

परत येताना आम्ही पारोळ्यापर्यंत आलो. तिथे पंप तापला. मी उतरून पाणी ओतलं. वाफ आली तशी हे म्हणाले, "घरी आधी विचारायचंस."

"घरी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

यांनी बॉनेटवर हात ठेवला होता, चटका बसत असूनही. डाळमिलमध्ये हीच गाडी हे रोज पुसायचे. मला तेव्हा त्यांची कीव आली, पण शब्द मागे घेतला नाही.

शेवटी यांनी गाडी दिली आणि धुळ्याला जाऊन मी मांडववाल्याच्या ड्रायव्हरला सगळं दाखवलं. साबण कुठे, हळद किती, ओलं फडकं कसं, दाराला नाडी कोणत्या पट्टीला. मी स्टिअरिंगकडे बघून बोलत होते. तो मध्येमध्ये म्हणायचा, "बाईसाहेब, ही मोटार का बाळंतीण?" मी हसले असेन. शेवटी त्याने मागचं दार लावून बघितलं.

"आत काय वाजतंय?"

बाकी सगळं सांगितलं होतं. तेवढं नाही सांगितलं. "ते काढू नका," म्हटलं, "त्याने काही बिघडत नाही."

मांडववाल्याने अर्धे पैसे तेव्हा दिले, अर्धे पुढच्या लग्नसराईत. तेवढ्यात हे एका ट्रान्सपोर्टमध्ये नोकरीला लागले होते. पुढची आखाजी आली तशी हे आपणहून म्हणाले, "चल." एसटीने गेलो. खिडकी उघडी होती, गिरणेला पाणी नव्हतं, वाळूत टरबुजांचे वेल होते.

गिरणी चालू होती. मी उंबऱ्याबाहेर थांबले. वहिनी आतून म्हणाली, "अहो नणंदबाई, आत या की. उन्हात काय उभ्या?" तिला तो सगळा प्रकार आठवतही नसावा. मी गेले नाही. हे उंबऱ्याबाहेरूनच वाकले आणि रुमालात बांधलेले पैसे भावाच्या पुढ्यात ठेवले. भावाने पिठाचे हात धोतराला पुसले आणि रुमाल न सोडताच गल्ल्यात ठेवायला लागला.

"मोजून घ्या," हे म्हणाले.

"घरच्या माणसाचे काय मोजायचे?"

"मोजा, आबा," हे भावाला पुन्हा म्हणाले.

भावाने माझ्याकडे बघितलं. मग गिरणीचा पट्टा काढला. एकदम शांत झालं. मागच्या निंबावर पोरींचा झोका चालू होता, तो ऐकू यायला लागला. भाऊ खाली बसला आणि पांढऱ्या बोटांनी एकेक नोट मोजत गेला. मी पायातली चप्पल काढून हातात धरली होती. शेवटची नोट ठेवून तो म्हणाला, "पुरे आहेत. फिटले."