मी वाचवलेली ओळ

आमचे मामंजी नाशिकचे, पिढीजात द्राक्षबागायतदार. सत्तरच्या दशकात एप्रिलच्या सुरुवातीला सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आले आणि आठ दिवसांत कंटाळले. यांची हॉस्पिटलची ड्यूटी, माझी नोकरी. दिवसभर घरात ते आणि टीव्ही. त्यामुळे शेजारच्या बाईंच्या मागच्या गार्डनमधल्या द्राक्षवेली दिसल्यावर माणूस असा खुलला की बस्स!

तीन ओळी होत्या. जात सेव्हाल ब्लां, पांढरी, वाइनची. बाईंनी मला तिची सगळी कुंडली ऐकवली होती. जन्म फ्रान्सचा, पण रक्तात थोडं अमेरिकन रानद्राक्ष, म्हणून तिकडचे बडे वाइनवाले तिला पंक्तीला घेत नाहीत. थंडी मात्र सोसते, आणि इंग्लंडच्या तुटपुंज्या उन्हातही पिकते.

वेली बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने मिळून लावलेल्या. नवरा गेला. पहिलं फळ धरायचं साल हेच. एक तरी बाटली त्याच्या नावाने भरायची, एवढंच बाईंच्या मनात होतं. त्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेल्या तेव्हा मला म्हणाल्या, वेलींवर जरा लक्ष ठेव.

एप्रिलच्या शेवटी एकदा कामावरून आले, तर मामंजी नाशिकहून आणलेली आपली कात्री घेऊन तिथे उभे. दोन ओळी पार बोडक्या! कोवळे फुटवे जमिनीवर, आणि कापलेल्या काड्यांतून पाणी टपटपतंय.

"एप्रिल आहे ना सूनबाई," ते खुशीत म्हणाले, "खरडछाटणी करून टाकली. आता ऑक्टोबरात पुन्हा छाटलं की घड लागतील."

नाशिकला वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये नव्या काडीसाठी आणि ऑक्टोबरात फळासाठी. इथे एकदाच, हिवाळ्यात; आणि ती बाईंनी कधीच उरकली होती. ऑक्टोबरात इथे पानं गळतात हो! माझं डोकंच फिरलं.

"मामंजी, कात्री ठेवा खाली! नसता उद्योग कुणी सांगितला होता तुम्हाला? बाईंच्या नवऱ्याची आठवण होती ती!"

जन्मात कधी सासऱ्यांपुढे आवाज चढवला नव्हता. त्यांनी कात्री ठेवली. तिसरी ओळ वाचली. पण त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले, आणि यांना म्हणाले, "परतीचं लवकरचं तिकीट मिळतं का बघ."

बाई कुबड्या घेऊन घरी आल्या. मीच त्यांना सगळं सांगितलं. त्या नुसत्या ओळींकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मेच्या मध्यावर कडक दंव पडलं. सकाळी पाहते तर मी वाचवलेली ओळ उकडलेल्या पालकासारखी काळी पडलेली. कापलेल्या ओळींवर जळायला काही नव्हतंच. दंव सरल्यावर त्यांचे बुंध्याकडचे डोळे फुटले, आणि जूनमध्ये त्या फुटव्यांवर चक्क बारीक घड! नाशिकला एप्रिलच्या फुटीला नुसती पानं येतात; या जातीला मात्र बुंध्याकडच्या डोळ्यांतूनही फळ धरतं. मामंजी चष्मा पुसून पुसून बघत होते.

"अगं, काय चिवट जात आहे ही!" म्हणाले. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

ऑक्टोबरात घड सोनेरी झाले. बाईंनी पहिला मणी मामंजींच्या हातावर ठेवला. त्यांचं तोंड असं वाकडं झालं! "हा माल नाशिकच्या बाजारात नेला तर लोक जोडे मारतील." मी ते इंग्रजीत सांगितलं, तर बाई पोट धरून हसल्या, वाइनला एवढा आंबटपणा लागतोच म्हणाल्या. मग टोपल्या भरता भरता रडल्या.

मामंजी निघायच्या आदल्या दिवशी मी धीर केला. "मामंजी, चुकलं माझं. तसं बोलायला नको होतं."

"बोललीस ते बरोबरच होतं. नशिबाने हात दिला म्हणून निभावलं." त्यांनी बॅगेतून ती कात्री काढली आणि माझ्या हातात ठेवली. "बाईंना आता वाकवत नाही. यापुढे छाटणी तू करायचीस. त्या सांगतील तेव्हा, माझं ऐकून नको. आणि सुरुवात तिसऱ्या ओळीपासून कर. जळली असली तरी मेलेली नाही ती."

त्या हिवाळ्यात मी तिथूनच सुरुवात केली.