वाफ्यातल्या कुंड्या

माझा दादा एकवीस वर्षं एकाच बंगल्याची बाग सांभाळतोय, आणि एकवीस वर्षांत मी ती बाग पाहिली नव्हती. नोकरांच्या नातेवाइकांना पुढच्या फाटकातून आत घ्यायचं नाही, हा मालकीणबाईंचा नियम. दादाला भेटायचं तर मागच्या गल्लीतून, त्याच्या एका खोलीत. ती खोलीही नोकरीबरोबर मिळालेली. नोकरी गेली की खोली गेली, हे तो दर भेटीत एकदा तरी बोलून दाखवतो.

वहिनी गेली, मूलबाळ नाही, स्वभाव मुलखाचा मुखदुर्बळ. माझ्याकडे जेवायला आला की आधी खिडकीतल्या कुंडीत बोट खुपसून माती ओली आहे का बघतो, मग आम्हाला कसे आहात विचारतो. माझा नवरा म्हणतो, तुझ्या भावाला बहिणीपेक्षा कोथिंबीर जवळची.

यंदा अनाथाश्रमाच्या मदतीसाठी शहरातल्या बड्या लोकांनी दोन दिवस आपापल्या बागा तिकीट लावून उघडल्या. दादा मुद्दाम घरी सांगायला आला. चार महिन्यांपूर्वी बी टाकून त्यानं ॲस्टरचे सहा वाफे केले होते. पुढच्या वर्षी अंगात बळ राहील न राहील, एकदा तुझ्या डोळ्यांनी बघ, एवढंच त्याचं म्हणणं. आयुष्यात त्यानं माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

मी इस्पितळात आया आहे. रजा टाकली, ठेवणीतले कपडे घातले आणि तिकीट काढून ऐटीत पुढच्या फाटकातून शिरले.

आत शिसारी यावी असा प्रकार. कुणी हिरवळीवर कागदी पेले टाकतंय, कुणी फुलं खुडून केसांत खोचतंय, एक गृहस्थ तर पोराला झुडपाआड लघवीला बसवत होते. आणि तोंडानं काय, तर आम्हाला निसर्गाची भारी आवड. दानधर्म म्हणे. मेल्यांनी घरबसल्या पैसे पाठवले असते तर झाडं तरी सुखानं जगली असती.

ॲस्टर कुठे दिसेना. सहाही वाफ्यांत भडक लाल-पिवळी फुलं ठासून भरलेली. शोधत शोधत मागच्या कचऱ्याच्या ढिगापाशी गेले, तर दादाची रोपं तिथं पडली होती. मुळासकट उपटलेली, कळ्या मिटलेल्याच. बंगल्यातल्या स्वयंपाकीणबाईंनी हळूच सांगितलं: उमलायला अजून आठ दिवस होते, बाईंना धीर नव्हता. काल रोपवाटिकेतून टेम्पोभर फुलझाडं आणली आणि ॲस्टर उपटायला लावले ते दादालाच. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तशीच परत फिरले. वाफ्याशी गर्दी जमली होती. मधोमध बाई, हातात कोरे पांढरे हातमोजे. सांगत होत्या की ही सगळी रोपं त्यांनी स्वतः बियांपासून वाढवली, चार महिने पोटच्या पोरासारखी जपली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. दादा झारी घेऊन दोन पावलं मागे उभा होता, मान खाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांचीसुद्धा किळस आली.

मी पुढे घुसले आणि हाताला लागलं ते झाड धरून ओढलं. ते प्लॅस्टिकच्या काळ्या कुंडीसकट वर आलं. कुंडीवर रोपवाटिकेची चिठ्ठी होती, कालच्या तारखेची. ती मोठ्यानं वाचायची, एवढंच उरलं होतं.

"अहो बाई," दादा मला म्हणाला, "वाफ्यात पाय देऊ नका. मागे व्हा."

सख्खा भाऊ. माझ्याकडे असा बघत होता की जणू जन्मात कधी पाहिलं नाही. मी मागे झाले. त्यानं माझ्या हातातून कुंडी घेतली, खाली बसून ती पुन्हा खड्ड्यात बसवली, आणि चिठ्ठी कुणाला दिसू नये म्हणून चारी बाजूंनी माती लोटून घट्ट दाबली.