वाळवीला वाचवेना ते पुस्तक

घरात दोघीच, आई आणि ती. पुस्तकांचा फडशा पाडणाऱ्या लेकीला आई वाळवी म्हणायची. आई शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची, वाळवी कॉलेजात शिकायची.

कॉलेजात वाचनवर्गाच्या बाई दर आठवड्याला हल्ली आलेलं एखादं पुस्तक हातात ठेवायच्या आणि बजावायच्या, "गोष्ट सांगू नकोस. वाचून तुला काय झालं, ते सांग."

वाळवीला सहसा काही होत नसे. भुताच्या कादंबरीवर ती म्हणाली, "भूत भिंतीतून येतं, तर दार कशाला वाजवतं?" वर्ग पोट धरून हसला. रहस्यकथेतला खुनी तिने निम्म्यातच ओळखला. परग्रहावरची कादंबरी वाचताना ही माणसं कपडे कुठे वाळत घालतात, एवढंच तिच्या डोक्यात. नव्या कवितांबद्दल मात्र ती म्हणाली, "कळल्या नाहीत, पण दोन पाठ झाल्या."

मग बाईंनी आठवणींचं एक पुस्तक दिलं. लेखकाची आई हळूहळू सगळं विसरत गेली, त्याची हकीकत. नेमका शब्द आठवला नाही की ती आई हसून वेळ मारून न्यायची, तेच तेच पुन्हा विचारायची. वाळवी जेवणाच्या टेबलाशी वाचत बसली होती. ओट्याशी उभी असलेली आई म्हणाली, "अगं, ते हे दे ना... पाणी गाळायचं ते!" आणि हसली.

वाळवी उठली. तिने गाळणं दिलं, पुस्तक मिटलं आणि कपाटात कपड्यांच्या खाली दडपून ठेवलं. पण आता ती आईला वाचू लागली. आईने एकच गोष्ट दोनदा विचारली की ती मनात मोजून ठेवायची. व्हॅन गेटबाहेर पडली की परत येईपर्यंत जीव टांगणीला.

एके दुपारी न राहवून ती व्हॅनमध्ये आईशेजारी जाऊन बसली.

"कॉलेजला दांडी?"

"डोकं दुखतंय."

शाळेतून मुलं घेतली आणि मागे पोरांचा नुसता कल्ला. मोठ्या चौकात सिग्नल हिरवा झाला, तरी व्हॅन हलेना. मागच्या गाड्या हॉर्न बडवू लागल्या. आईची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती.

"सांगा पाहू," आई मोठ्याने म्हणाली, "आता कुठे?"

"डावीकडे!" पोरं एका सुरात ओरडली. आईने व्हॅन डावीकडे वळवली.

वाळवीच्या मागची चिमुरडी तिच्या कानाशी लागून म्हणाली, "मावशी रोज आमची परीक्षा घेतात."

वाळवी झटकन समोर वळली. शेवटचं मूल घरी सोडेपर्यंत ती रस्त्यावरून नजर हलवू शकली नाही.

"कधीपासून, आई?"

"काय कधीपासून? थकते मी. तुझ्या पुस्तकांनी तुझं डोकं फिरवलंय!"

"आई, मागे मुलं असतात."

आईने किल्ली फिरवायला हात नेला आणि तसाच मांडीवर ठेवला. "मला फार भीती वाटते गं," ती म्हणाली. "पोरांना कळू नये म्हणून खेळ केला."

त्यांनी व्हॅन तिथेच लावली आणि दोघी चालत घरी आल्या. संध्याकाळी आईने स्वतःच एकेका पालकाला फोन केला. प्रत्येक फोननंतर पदराने तोंड पुसत होती. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, औषधांनी विसरण्याचा वेग कमी होईल, थांबेल असं नाही. गाडी मात्र बंद.

वर्गात वाळवीची पाळी आली. "मला हे पुस्तक पुढे वाचवेना," ती म्हणाली.

"का?" बाईंनी विचारलं.

"मी घाबरले. अजून घाबरलेलीच आहे."

या वेळी कुणी हसलं नाही.

सकाळी रस्त्यावर हॉर्न वाजला की आई ताडकन उठते, दारापर्यंत जाते आणि कडीवर हात ठेवून उभी राहते. आपण का उठलो, हे तिला आठवतं का, हे विचारायचा वाळवीला धीर होत नाही.