रिम्मा अर्काद्येव्नाचा विसराळू चुंबक

रिम्मा अर्काद्येव्ना चहा उभ्यानेच प्यायची. कॅन्टीनमध्ये बोर्श्टचा, म्हणजे बिटाच्या सुपाचा, वाडगा हातात धरून खिडकीपाशी येरझाऱ्या घालायची, आणि मग बसून खाणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. "बाई, टेका हो जरा," असं मी किती वेळा म्हटलं असेल! "तिमोफेय, तुम्ही तुमचा हेलियम सांभाळा," हे तिचं ठरलेलं उत्तर.

हेलियम माझाच होता म्हणा. संस्थेतलं थंडाव्याचं यंत्र मी चालवायचो. हिने आखलेले चुंबक त्या पातळ हेलियमच्या गारठ्यात बुडाले की त्यांच्या तारेतून वीज फुकटात धावायची, कुठेही अडायची नाही. पण एखादी तार केसभर जरी सरकली, तरी तिथे ऊब तयार व्हायची आणि सगळा चुंबक क्षणात गरम. धडाम! माझा अर्धा हेलियम वाफ होऊन वर. याला आम्ही 'चुंबक उडाला' म्हणायचो. नवा चुंबक असा उडतच शिकतो. दर खेपेला थोडी जास्त वीज सोसतो. मला शिव्या घालाव्याशा वाटायच्या, तेव्हा ही मात्र संगणकाच्या पडद्याला नाक लावून "शिकतोय, शिकतोय!" म्हणत नाचायची.

उरलमधल्या खाणगावातली पोर. आमच्या वोल्गाकाठी आली ती चुंबकांचे आराखडे काढायला. तार गुंडाळणाऱ्या बायकांची मुकादम क्लावा मावशी. तिने पहिल्याच दिवशी सुनावलं, "कागदावर काय कुणीही वेटोळं घालेल!" दुसरी असती तर रुसली असती. ही हिवाळाभर क्लावाच्या शेजारी तार गुंडाळत राहिली, बोटं सोलून घेतली, आणि दोघींची जी गट्टी जमली ती कायमची. पुढे जिनिव्हाकडच्या मोठ्या रिंगवर, जिथे अणूचे कण चुंबकांनी वळवत गोल गोल पळवतात, तिथे बोलावणं आलं. गेलेले बाकीचे तिकडेच राहिले, ही परत आली. "तिथे सगळं जागच्या जागी असतं हो, मला करमत नाही," म्हणाली. नवरा मात्र कंटाळून समाराला निघून गेला. जाताना मला म्हणाला, "घरातही हिला सारखं वाटतं, कुठेतरी काहीतरी सरकतंय." खोटं नव्हतं ते.

तर आता त्या शेवटच्या चुंबकाचं सांगतो. नवी रिंग उभी राहणार होती आणि तिचे चुंबक एक तर आमच्याकडे होणार, नाहीतर सायबेरियातल्या दुसऱ्या संस्थेत. काम आम्हाला मिळालं तर क्लावाचा गुंडाळणीचा हॉल जगणार. नाही मिळालं तर हॉलला कुलूप आणि बायका घरी. इतकं सरळ होतं ते. रिम्माचा चुंबक उडत उडत शिकला आणि एका दुपारी त्याने हवी तेवढी वीज बिनतक्रार पेलली. हॉलमध्ये काय जल्लोष! आमचे संचालक गेन्नादी ल्वोविच स्वतः कोन्याक घेऊन खाली आले. नवी वस्तू, मग ती गाडी असो की बूट, पेला रिचवून 'धुतल्या'शिवाय आमच्याकडे टिकत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पेले भरले. आणि या बाईने वरून हात आडवा धरला!

"धुवायचं नाही अजून. आधी गरम करा, परत गार करा. शिकलेलं लक्षात राहतंय का बघू."

"अहो, हव्या त्या विजेपर्यंत पोचला ना तो!" संचालक म्हणाले. "काम कोणाला द्यायचं ते ठरवायला समिती यायची आहे. कशाला उकरून काढताय?"

"रिंगमध्ये दर वर्षी दुरुस्तीच्या वेळी गरम होणार तो, गेन्नादी ल्वोविच. तिथे विसरला तर?"

माझं तर टाळकंच सटकलं. इतका हेलियम पुन्हा! पण तिच्यापुढे कोणाचं चाललंय? गरम केला, गार केला, वीज चढवली. अगदी थोड्या विजेवरच उडाला. सगळं विसरला होता, पहिल्या दिवसासारखा कोरा.

तिने तो कापायला लावला. वेटोळं जिथे वळतं, तिथे तारांच्या मधे काचधाग्याच्या पाचरी बसवतात आणि सगळ्यावर राळ ओतून घट्ट करतात. त्या पाचरी राळेतून अलगद सुटून आल्या. आरशासारख्या लखलखीत! क्लावाच्या बायकांनी त्या पॉलिश पेपरने घासून घासून इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की राळेला धरायला जागाच नव्हती; पाचर निसटली की तार सरकणारच. आमच्या हॉलची शानच ती. पाहुणे आले की क्लावा पाचर पुढे करायची, "बघा, तोंड दिसतंय की नाही?"

समिती आली. संचालकांनी रिम्माला बाजूला घेतलं. "पोचला एवढंच सांगा. ते खोटं नाही."

ती समितीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पोचला. पण गरम केल्यावर विसरला. पाचरी जास्त घासल्या गेल्यात."

"कोणी घासल्या?" संचालक किंचाळलेच.

क्लावा दारातच उभी होती, तोंड पांढरंफटक. "मी सांगितलं होतं घासायला," रिम्मा म्हणाली. ते खरंही होतं. त्या गुळगुळीतपणाचा तिलाही तेवढाच तोरा होता.

काम सायबेरियाला गेलं. मी तिच्यावर इतका भडकलो होतो की जिन्यात तोंड फिरवलं. ती हॉल बंद होतोय हे सांगायला स्वतः क्लावाकडे गेली. मी हेलियमच्या नळ्या काढायला तिथेच होतो. क्लावा जाड्या पॉलिश पेपरने एक पाचर खरवडत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"कशाला ग करतेस? कळलं नाही का तुला?"

"कळलंय. तुझ्या त्या खऱ्या बोलण्याने माझं घर बुडालं, रिम्का, ते मी विसरायची नाही. पण चूक हीच होती की दुसरी, ते मला बघायचंय. धर हे टोक."

दोघींनी उरलेल्या तारेचं एक आखूड वेटोळं गुंडाळलं. खरबरीत, ओबडधोबड पाचरी घालून. क्लावाला त्याकडे बघवत नव्हतं. हेलियम मी दिला, कोणाला न विचारता. वीज चढवली. तो छोटा चुंबक दोनदा उडाला आणि पोचला. गरम केला, पुन्हा गार केला, पुन्हा चढवली. एकदाही न उडता थेट वरपर्यंत गेला. सगळं लक्षात होतं त्याच्या.

हॉलमध्ये आम्ही तिघंच. क्लावा भिंतीला टेकून रडत होती, आता तर हमसून. मला वाटलं रिम्माही कोसळेल. तिने पडदा विझवला आणि माझ्याकडे वळली.

"तिमोफेय, सायबेरियाला फोन लावा. त्यांच्या पाचरी घासलेल्या आहेत का, विचारा."